दोन्हीकडे आपलेच असतात तेव्हा

(युवा अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. इतिहास किंवा राज्यशास्त्र यातली कुठलीही पदवी माझ्याकडे नाही. नोकरी सांभाळून, प्रवासात, रात्री जेवण झाल्यावर, सुट्टीच्या दिवशी राजकारण आणि युद्धांविषयी जे मिळेल ते वाचत आलो. त्या वाचनाविषयी बोल, असं आयोजकांनी सांगितलं म्हणून उभा आहे. तेव्हा मला तज्ज्ञ समजू नका, तुमच्यासारखाच एक वाचक समजा.

आपल्या वयाच्या मुलामुलींना दोन प्रश्न सतत ऐकावे लागतात. कॉलेजात किंवा ऑफिसात कुणीतरी विचारतं, "यावर तुम्हा लोकांचं काय म्हणणं आहे?" आणि मोहल्ल्याच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतं, "तू यावर अजून काहीच कसं टाकलं नाहीस?" जगात कुठेही बॉम्ब पडो, कुठेही हल्ला होवो, हे दोन प्रश्न हजर. गंमत अशी की दोन्हीकडे उत्तर आधीच ठरलेलं असतं. एकाला आपण निषेध करताना दिसायला हवे असतो, दुसऱ्याला जोशात दिसायला हवे असतो. आपल्याला काय माहीत आहे, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

आणि या उत्तरांची किंमत लहान नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून शहर बंद झालं, दगडफेक झाली, दुकानं फुटली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून दंगल झाली आणि एका तरुणाचा जीव गेला. स्टेटसचं निमित्त करून हिंसा करणाऱ्यांचा गुन्हा त्यांचाच आहे, त्यात काही वाद नाही. पण आपण काय वाचतो, काय पुढे पाठवतो आणि कशाच्या आधारावर बोलतो, हा आपल्यासाठी फावल्या वेळचा विषय उरलेला नाही, एवढं तरी यातून कळतं.

मी गाझापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या मनात तेच आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलवर हल्ला केला. इस्रायलच्या आकडेवारीनुसार सुमारे १२०० जण मारले गेले आणि २५१ जणांना ओलीस नेलं गेलं. त्यानंतर इस्रायलने गाझावर जे केलं, त्यात तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीप्रमाणे ६० हजारांहून अधिक माणसं मारली गेली. त्यात हजारो मुलं आहेत. हे सगळं आपण हातातल्या फोनवर पाहिलं. झोप उडाली, जेवण गेलं नाही. असं होणं माणूसपणाचं लक्षण आहे, आणि त्याबद्दल कुणापुढे सफाई देण्याची गरज नाही.

पण मला त्याच काळातली दुसरी गोष्ट विचारायची आहे. १५ एप्रिल २०२३ रोजी, म्हणजे गाझाच्या जवळजवळ सहा महिने आधी, सुदानमध्ये युद्ध पेटलं. एका बाजूला जनरल बुरहान यांचं लष्कर, दुसऱ्या बाजूला हेमेदती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दगालो यांचं निमलष्करी दल. दोघांनी मिळून २०२१ मध्ये सत्ता बळकावली होती, मग ती कुणाच्या हातात राहायची यावरून आपसात जुंपली. एक कोटीहून अधिक लोक घरादाराला मुकले. दारफुरमधल्या जेनिना शहरात मसालित जमातीच्या लोकांना शोधून शोधून मारलं गेलं. ऑगस्ट २०२४ मध्ये झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला. तिथे मारणारे मुसलमान आहेत आणि मरणारेही मुसलमान आहेत.

आता मनातल्या मनात मोजा. गेल्या काही वर्षांत तुमच्या फोनवर सुदानविषयी किती मेसेज आले? कुठल्या जुम्म्याच्या दुआत सुदानचं नाव ऐकलं?

तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून मी हे विचारत नाही. हिशेब कुठे चुकतोय ते पाहू या. गाझातलं मूल आणि जेनिनातलं मूल यांच्या दुःखात फरक नाही. फरक असला तर मारणाऱ्याच्या ओळखीत आहे. मारणारा "दुसरा" असला की आपली बातमी तयार होते. मारणारा आपल्यातलाच असला की बातमी अडखळते, कारण ती कुठल्या खान्यात टाकायची ते समजत नाही. म्हणजे आपण मेलेल्यांसाठी रडतोय असं आपल्याला वाटतं, पण बऱ्याचदा आपलं लक्ष मारणाऱ्यावरच असतं.

म्हणून मला असं वाटतं की, युद्धाविषयी वाचायला शिकायचं असेल तर ज्या युद्धांत दोन्हीकडे "आपलेच" होते, त्यांच्यापासून सुरुवात करावी. तिथे बाजू आयती मिळत नाही. मग नाइलाजाने माणूस नीट वाचतो. अशा दोन युद्धांविषयी थोडं सांगतो.

पहिलं इराण-इराकचं. २२ सप्टेंबर १९८० रोजी सद्दाम हुसेनच्या इराकने इराणवर हल्ला केला आणि ऑगस्ट १९८८ मध्ये युद्धबंदी झाली. आठ वर्षं. लाखो माणसं मेली आणि सरहद्द होती तिथेच राहिली. वादाचा एक मोठा मुद्दा होता शत्त अल-अरब नदीच्या पात्रावरच्या हक्काचा, ज्यावर १९७५ मध्ये अल्जिअर्सला करारही झाला होता. त्यात तेल होतं, शेजारच्या क्रांतीची धास्ती होती, एका हुकूमशहाची हाव होती. पण लोकांना काय सांगितलं गेलं? सद्दामने या युद्धाला नाव दिलं "सद्दामची कादिसिया". कादिसिया म्हणजे सातव्या शतकातली ती लढाई, जिच्यात अरब मुस्लिम फौजांनी इराणच्या सासानी फौजेला हरवलं होतं. म्हणजे समोरच्या मुसलमानांना त्याने थेट इस्लामपूर्व इराणचे सैनिक बनवून टाकलं. आणि इराणने आपल्या मोहिमांना नाव दिलं करबला. म्हणजे समोरचे यझीदची फौज ठरले. दोन्हीकडच्या कोवळ्या पोरांना आपण हकच्या बाजूने मरतोय असंच सांगितलं गेलं.

याच युद्धाच्या शेवटी, १६ मार्च १९८८ रोजी, सद्दामच्या विमानांनी इराकच्याच हलब्जा शहरावर विषारी वायू सोडला. तिथले कुर्द नागरिक, बायका-मुलं, काही तासांत मेली. हा आकडा पाच हजारांपर्यंत सांगितला जातो. तो वायू बनवायला लागणारी रसायनं पुरवणाऱ्या एका डच व्यापाऱ्याला नेदरलँड्सच्या न्यायालयाने २००५ मध्ये शिक्षा सुनावली. अमेरिकेने या युद्धात इराकला मदत केली आणि मागच्या दाराने इराणलाही शस्त्रं विकली. हे वाचल्यानंतर, धर्मासाठी युद्ध चाललंय असं कुणीही म्हणालं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो: शस्त्रं कुठून आली आणि पैसे कुणाला मिळाले?

दुसरं युद्ध आपल्या उंबऱ्याजवळचं, १९७१ चं. आपल्याकडे ते भारत-पाकिस्तान युद्ध म्हणून शिकवतात, डिसेंबरमधल्या तेरा दिवसांचं. पण खरी गोष्ट त्याच्या वर्षभर आधी, मतपेटीपाशी सुरू होते. डिसेंबर १९७० मध्ये पाकिस्तानात निवडणूक झाली. राष्ट्रीय सभेच्या ३०० सर्वसाधारण जागांपैकी १६० जागा शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगने जिंकल्या. स्पष्ट बहुमत होतं. तरीही त्यांना सत्ता दिली नाही. २५ मार्च १९७१ च्या रात्री लष्कर ढाक्यात उतरलं. जो देश मुसलमानांसाठी म्हणून मागून घेतला होता, त्या देशाच्या लष्कराने आपल्याच बंगाली नागरिकांना मारलं. हिंदूंना तर वेचून मारलं, पण मुसलमानांनाही सोडलं नाही. सुमारे एक कोटी माणसं निर्वासित होऊन भारतात आली. मेलेल्यांचा आकडा तीन लाखांपासून तीस लाखांपर्यंत सांगितला जातो आणि त्यावर आजही वाद आहे.

जगाला हे नेमकं कसं कळलं, यामागे एक माणूस आहे. अँथनी मस्कारेन्हस. जन्म आपल्या बेळगावचा, गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबातला, शिक्षण कराचीत. तो पाकिस्तानी पत्रकार होता. एप्रिल १९७१ मध्ये लष्कराने काही निवडक पत्रकारांना पूर्व पाकिस्तानात नेलं, परिस्थिती सुरळीत आहे असं त्यांनी लिहावं म्हणून. मस्कारेन्हसने जे पाहिलं ते तिथे छापणं शक्य नव्हतं. तो लंडनला जाऊन संपादकांना भेटला, परत आला, आधी कुटुंबाला देशाबाहेर काढलं आणि मग स्वतः निसटला. १३ जून १९७१ रोजी लंडनच्या "संडे टाइम्स"मध्ये त्याचा लेख आला. मथळा एका शब्दाचा होता: वंशसंहार.

त्या लेखातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बंगाली जमावांनी बिहारी, म्हणजे उर्दू बोलणाऱ्या लोकांच्या ज्या कत्तली केल्या, त्यांचीही नोंद त्याने केली. लष्कराचा गुन्हा मोठा आणि ठरवून केलेला होता, हे त्याने स्पष्ट लिहिलं. पण तो गुन्हा ठळक दिसावा म्हणून दुसऱ्या बाजूचे मृतदेह झाकले नाहीत. त्या उर्दूभाषक कुटुंबांची मुलंनातवंडं आजही ढाक्याच्या जिनिव्हा कॅम्पसारख्या वस्त्यांत दाटीवाटीने राहतात. आपल्यासारखीच घरात उर्दू बोलणारी माणसं. त्यांच्याविषयी आपल्यापैकी किती जणांनी वाचलं आहे?

आता या वाटेने पुन्हा गाझाकडे या. असं वाचलेला माणूस कोमट होतो, दोघांची सारखीच चूक म्हणत कुंपणावर बसतो, असं काहींना वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. व्याप्त प्रदेश कसा व्यापला गेला, वसाहती कशा वाढल्या, नाकेबंदी म्हणजे रोजच्या जगण्यात काय असतं, हे वाचल्यावर अन्याय जास्त स्पष्ट दिसतो. ओरडावं कमी लागतं आणि बोलता जास्त येतं. आणि आणखी एक होतं, तिकडचे मस्कारेन्हस दिसायला लागतात. इस्रायलच्याच माजी सैनिकांनी २००४ मध्ये "ब्रेकिंग द सायलेन्स" ही संघटना काढली आणि व्याप्त प्रदेशात आपण स्वतः काय केलं, काय पाहिलं, त्याच्या साक्षी नोंदवल्या. "बेत्सेलेम" ही इस्रायलमधली मानवी हक्क संघटना. तिने जुलै २०२५ मध्ये अहवाल काढून आपलाच देश गाझात वंशसंहार करतो आहे असं म्हटलं. हे लोक आपल्या समाजात शिव्या खात ही कामं करतात. हे माहीत असलेला मुलगा "सगळे ज्यू असेच" असं वाक्य लिहू शकत नाही. आणि ७ ऑक्टोबरला घरात मारल्या गेलेल्या माणसांचा उल्लेख करताना त्याची जीभ अडखळत नाही. त्यांचं नाव घेतल्याने गाझातल्या एकाही मुलाचं दुःख हलकं होत नाही.

आता घरचं बोलू. लांबच्या युद्धांविषयी वाचणं एका अर्थाने सोपं आहे. आपल्याच शहराविषयी वाचणं अवघड. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबई दंगलींविषयी तुम्ही घरात ऐकलं असेल. ऐकलेलं आणि वाचलेलं यात फरक असतो. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल सादर केला. त्यातले आकडे कोरडे आहेत, पण पाठ करण्यासारखे आहेत. एकूण मृत ९००. त्यात ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ जणांची ओळख पटली नाही, ५ इतर. पोलिसांच्या गोळीबारात मेलेले ३५६. त्याच अहवालात पोलिस सुलेमान उस्मान बेकरीत कसे घुसले ते आहे आणि जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत माणसं कशी जळाली तेही आहे. आपल्या घरात पहिली गोष्ट सांगतात. दुसऱ्यांच्या घरात दुसरी सांगतात. अहवाल वाचणाऱ्याला दोन्ही सांगता येतात, आणि दोन्ही सांगणाऱ्याचं पहिलं सांगणंही मग कुणाला सहज झटकता येत नाही.

इथे मला असगर अली इंजिनियर यांची आठवण होते. आडनावाने नव्हे, खरोखरचे इंजिनियर. स्थापत्यशास्त्राची पदवी घेतलेले, मुंबई महापालिकेत वीसेक वर्षं नोकरी केलेले. विद्यार्थी असताना १९६१ च्या जबलपूर दंगलीने ते हादरले. पण हादरून थांबले नाहीत. पुढे आयुष्यभर दंगल झालेल्या शहरांत जाऊन चौकशी करत राहिले: कुठल्या गल्लीत सुरुवात झाली, त्या गावात धंद्याची चुरस कुणाकुणात होती, निवडणूक किती लांब होती, अफवा काय होती आणि कुणी पसरवली. पूल का पडला हे शोधणारा इंजिनियर जसा विचार करेल तसा त्यांनी दंगलीचा विचार केला.

आमच्या धंद्यातही तेच असतं. रात्री सर्व्हर बंद पडला की नंतर अहवाल लिहावा लागतो. त्यात पहिलं काम दोषी शोधणं हे नसतं. आधी घटनाक्रम लावायचा: किती वाजता काय झालं, ते कुठल्या नोंदीत दिसतं. कारण आधीच ठरवून टाकलं की माणूस फक्त त्याला जुळणाऱ्या नोंदी गोळा करतो. बातमी वाचताना मी एवढंच करायचा प्रयत्न करतो, त्यातलं तुमच्या उपयोगाचं सांगतो.

एक, व्हिडिओ पाहिला म्हणजे घटना कळली असं धरू नका. तो कुठला, कधीचा, त्याच्या आधी काय झालं, हे कळेपर्यंत बोट आवरा. रात्री अकरानंतर तर काहीच पुढे पाठवू नका. सकाळपर्यंत निम्म्या गोष्टी खोट्या ठरलेल्या असतात.

दोन, आकडा आला की तो कुणी दिला ते त्याच्या शेजारी लिहून ठेवा. आणि वाक्यातला कर्ता शोधा. "गोळीबारात दहा जण ठार" या वाक्यात गोळी झाडणारा कुठे आहे?

तीन, आपल्याकडे असलेली एक देणगी वापरा. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात दखनी, शाळेत मराठी आणि कामाला इंग्रजी. म्हणजे एकच बातमी आपण उर्दू, मराठी आणि इंग्रजी वर्तमानपत्रांत वाचू शकतो. महिनाभर करून पाहा. एका पेपरात जे पहिल्या पानावर असतं ते दुसऱ्यात आत कुठेतरी चार ओळींत असतं, आणि तिसऱ्यात नसतंच. कुणाला काय दिसत नाही, हे त्यातून कळतं. आपल्याला काय दिसत नाही तेही.

चार, नकाशा जवळ ठेवा. नदी, बंदर, तेलाच्या विहिरी, सोन्याच्या खाणी, रस्ता कुठून कुठे जातो, हे पाहिलं की अर्ध्या घोषणांचा अर्थ उलगडतो.

आणि पाच, आठवड्यातून एकदा तरी काहीतरी लांबलचक वाचा. एखादा अहवाल, एखादं पुस्तक, साक्षींचं संकलन. मुलींना मी खास सांगेन, कारण युद्धाचं बोलणं आपल्याकडे पुरुषांच्या कट्ट्यावर चालतं. पण निर्वासितांच्या छावणीत पाण्याच्या रांगेत कोण असतं आणि युद्धानंतर घर कोण उभं करतं, हे वाचल्याशिवाय युद्ध कळत नाही.

तुमच्यापैकी ज्यांनी कुरआन अर्थासह वाचलं आहे त्यांना सूरह निसामधली १३५ वी आयत माहीत असेल. न्यायासाठी साक्ष द्या, ती तुमच्या स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नात्यातल्या लोकांच्या विरुद्ध गेली तरी, असा तिचा आशय आहे. साक्ष द्यायची तर आधी माहीत असावं लागतं. वाचन त्यासाठी आहे. वादात जिंकता यावं एवढ्यासाठी वाचणारे पुष्कळ आहेत, त्यांना त्यांच्या बाजूचे मुद्दे कुठेही मिळतात. आपल्या बाजूला जड जाणारी गोष्टही ज्याला माहीत आहे आणि जो ती न घाबरता सांगतो, त्याच्यावर कॅन्टीनमध्येही विश्वास ठेवतात आणि मोहल्ल्यातही. लगेच नाही, पण ठेवतात.

शेवटी एक काम देतो. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने सुदानविषयी दोन पानं वाचून या. उर्दू, मराठी, इंग्रजी, ज्या भाषेत मिळतील त्या. खार्तूम कुठे आहे, दारफुर कुठे आहे, हे कुणीतरी फळ्यावर नकाशा काढून दाखवा. मसालित कोण आहेत, ते दुसऱ्या कुणीतरी सांगा. त्यावर आपण तासभर बोलू. आपल्या बोलण्याने तिथलं युद्ध थांबणार नाही. पण जी माणसं मेली, त्यांची नावगावं तरी या खोलीत कुणाला माहीत असतील.